दहाच्या लाल फ्यूजास

प्रिय फ्यूजा,

समोर स्टीलच्या वाटीत तुझी पाच भावंडं आहेत. पाचही लाल, प्रत्येकाच्या माथ्यावर १० चा आकडा आणि प्रत्येकाच्या पोटातली पट्टी तुटलेली. एरवी या वाटीने मी डब्यातल्या लोणच्याचं माप घेते. महिनाभर तुम्ही तिच्यात साठत गेलात. टाकून द्यायला हात धजावला नाही, कारण महिनाभर मी तुम्हाला नावं ठेवली आणि ते चूक होतं. पत्र चारचौघांत लिहितेय तेही त्यासाठीच. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या गाडीत आत्ता हेच चाललं असेल आणि तीही माणसं तुलाच बोल लावत असतील.

आमची खानावळ पंचवटीतली. रामकुंडावर दशक्रियेला बाहेरगावची माणसं येतात, धर्मशाळेत नाहीतर लॉजवर उतरतात, त्यांना जेवण पोचवायचं. शिवाय हिरावाडी, मेरी, म्हसरूळ या बाजूला एकटी राहणारी वयस्कर मंडळी आहेत, त्यांचे रोजचे डबे. गाडी चौदा वर्षांची. सकाळ-संध्याकाळ मिळून तिची डिकी चाळीसेक वेळा उघडते आणि तितक्याच वेळा आपटून बंद होते. हे डिकीचं लक्षात ठेव.

तू पहिल्यांदा गेलास ती श्रावणातली रात्र होती. पाऊस बारीक, दिंडोरी रोडने मी म्हसरूळहून परत येत होते. हेडलाइट चालू होते, पुढचा रस्ता दिसत होता, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. फक्त मीटर काळा पडला होता. वाटलं, मीटरचा बल्ब गेला असेल. मागून एक ट्रक सारखा हॉर्न वाजवत होता आणि मला त्याचाच राग येत होता. मग मोटरसायकलवरचा एक मुलगा खिडकीशी आला आणि ओरडला, “ताई, मागं लाइटच नाहीत!”

मागचे टेल लॅम्प, पुढचे पार्किंगचे, नंबरप्लेटवरचे आणि मीटरमागचा उजेड, हे सगळं आमच्या गाडीत तुझ्या एकट्याच्या जिवावर चालतं, हे त्या रात्री कळलं. हेडलाइटचा फ्यूज वेगळा. म्हणून तू गेलास तरी चालवणाऱ्याला पुढे सगळं ठीकच दिसतं. तेव्हापासून डबे पोचवणाऱ्या मुलालाही सांगून ठेवलंय: मीटर अंधारला की गाडी कडेला घे आणि मागे जाऊन बघ. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. त्या पावसात ट्रकवाल्याला मी किती मीटरवर दिसले असेन, याचा विचार अजून मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ आणून बसवला. दोन दिवसांनी तो गेला. आणखी एक आणला, तोही गेला. बल्ब नुसता ‘जातो’, गाडी ‘बंद पडते’, तू मात्र मराठीत ‘उडतोस’ही. जणू मनात आलं आणि उडालास. या शब्दानेच मला फसवलं. मी तुला भित्रा समजले, हलक्या मालाचा समजले. चहाच्या कपापेक्षाही स्वस्त वस्तू, ती काय टिकणार, असंही म्हणाले.

तिसरा गेला तेव्हा कुणीतरी सुचवलं, “वीसचा टाका, मग नाही जायचा.” मी पिवळा टाकला.

इथे मला आमचा जुना वाडा आठवतो. मीटरच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे कटआउट होते. दिवे गेले की वडील मेणबत्तीच्या उजेडात फ्यूजची तार ओवायचे, आणि सारखी जायला लागली की दोन पदर घालून ओवायचे. मग ती खरंच जायची नाही. एका पावसाळ्यात माजघरातल्या लाकडी पट्टीवरची वायर वितळून भिंत हातभर काळी झाली, तेव्हा आई घाबरून आम्हा भावंडांना ओसरीत घेऊन बसली होती. ती काळी भिंत मी पाहिली होती. तरीही पन्नाशीत तोच दोनपदरी उपाय मी पिवळ्या रंगात केला.

पिवळा टिकला. त्याच रात्री निमाणीजवळ सिग्नलला थांबले असताना पायाशी वास आला, गरम प्लास्टिकचा. दिवे बंद केले, गाडी कडेला घेतली, गुडघ्याजवळचं झाकण काढून आत बोट लावलं. वायर तापली होती आणि तिचं आवरण मेणासारखं मऊ झालं होतं. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. तुझ्यामागे कंपनीने जी बारीक वायर दिली आहे, ती तुझ्या दहाच्या आकड्याला धरूनच. तू वितळतोस तो तिच्याआधी वितळावास म्हणून. मी राखणदार काढून तिथे झोपाळू माणूस बसवला होता.

पेठ नाक्याकडे आमचे एक वायरिंगवाले काका आहेत. सकाळी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी पिवळा उपसून माझ्या हातात दिला. मग तुझी तीन भावंडं उजेडात धरून बघितली. तुझं अंग आरपार दिसणारं असतं, त्याची किंमत मला तेव्हा कळली. १९७६ साली तुझा हा चपटा, दोन पात्यांचा अवतार आला. त्याआधी बऱ्याच गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असत, त्यांचंही पोट असंच दिसायचं. “हे बघा ताई,” काका म्हणाले, “जास्त लोडने गेला असता तर पट्टी मधेच सावकाश वितळून स्वच्छ तुटली असती. हा आतून काळा झालाय, धातूचे शिंतोडे उडालेत. वायर बॉडीला लागतेय.”

मग त्यांनी वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला. मागचे दोन, पुढचे दोन, नंबरप्लेटचे दोन, असे सहा बल्ब, प्रत्येकी पाच वॅट. तीस वॅट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे अडीच अँपिअर. मीटरचा उजेड किरकोळ. तुझी ताकद दहाची, म्हणजे नेहमीच्या कामाच्या चौपट. असा फ्यूज लोडने जाईलच कसा? हेडलाइटचं गणित निराळं. तिथे ५५ चे दोन बल्ब धरले तरी नऊ अँपिअर होतात. जास्त उजेडाच्या हौसेने कुणी शंभरचे टाकले की १५ चा निळा लोडनेच जातो. तिथे बल्ब मूळचे लावायचे, नाहीतर रिलेसकट जाड वायरिंग करायचं.

काकांनी बजावलं, “फ्यूज नुसता बदलू नका. तो कधी जातो ते लिहा.” दहाचे दोन नवे लाल दिले आणि दोन दिवस संध्याकाळी फक्त जवळपासच फिरायला सांगितलं. मी डब्यांच्या वहीत समासात लिहायला लागले. पहिल्या संध्याकाळी: गणेशवाडीत डबा दिला, डिकी लावली, निघाले, मीटर काळा. दुसऱ्या संध्याकाळी: सीतागुंफेजवळच्या लॉजवर तीन डबे, डिकी लावली, मीटर काळा. खड्ड्यात गेले तेव्हा नाही, ब्रेक दाबला तेव्हा नाही, रिव्हर्स घेतली तेव्हा नाही. तू दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगत होतास. तुझं बोलणं लिहून घ्यायला मला पाच फ्यूज लागले.

वही घेऊन पुन्हा गेले. “पंचवटीतली गाडी म्हटलं की मी आधी पाणी विचारतो,” काका म्हणाले. खरं आहे. गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांत पुराचं पाणी शिरतं ते आम्ही पाहत आलोय. २०१६ चा ऑगस्ट, २०१९ चा ऑगस्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळी पंचवटी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघते, पाणी गुडघ्याला लागलं की छातीला. पूर ओसरतो, गाडी सुकते, सुरूही होते. पण होल्डरमध्ये गाळ बसलेला असतो, पितळी पाती हिरवी पडतात आणि काही महिन्यांनी फ्यूज जायला लागतात. दुसरा प्रश्न उंदरांचा. मार्केट यार्डाच्या आसपास रात्री गाडी उभी राहिली की बॉनेटखाली वायरी कुरतडलेल्या सापडतात. तिसरा प्रश्न, टेप किंवा फॉगलॅम्प बाहेरून बसवला का? तीनही उत्तरं ‘नाही’ अशी आली, तेव्हा ते डिकीकडे वळले.

आता जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी तुझ्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी लावला. पाच-पाच वॅटचे सहाही बल्ब होल्डरमधून काढले, म्हणजे करंटला जायला सरळ वाट उरली नाही. स्विच चालू केला, बल्ब विझलेलाच. हा बल्ब मधे असला की वायर बॉडीला लागली तरी पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही. काही जळत नाही, तुझा एकही भाऊ खर्ची पडत नाही. “आता डिकी लावा,” ते म्हणाले. मी लावली. ड्रायव्हरच्या पायाशी लख्ख उजेड पडला. झाकण दोन बोटं वर उचललं, उजेड गेला. खाली, लख्ख. वर, काळोख. पाच-सहा वेळा मी तेच करत राहिले. काकांनी मला थांबवलं नाही.

बिजागरीपाशी बोटभर जाडीची रबरी नळी असते, तिच्यातून वायरी डिकीच्या झाकणात जातात. ती मागे सरकवली. आत तीन वायरी. दोन नुसत्या कडक झालेल्या. तिसरी, नंबरप्लेटच्या दिव्याची, वळणावर चिरली होती. उघड्या तांब्याच्या तारा, दोन-तीन तुटलेल्या, टोकं हिरवट, आणि शेजारच्या पत्र्याच्या कडेवर त्यांनी पाडलेला बारीकसा काळा ठिपका. मोहरीएवढा. दिंडोरी रोडवरची ती रात्र त्या ठिपक्यातून निघाली होती.

तिथल्या तिथे चिकटपट्टी गुंडाळून भागलं नसतं का, असं मी विचारलं. काका म्हणाले, वळणातला जोड सहा महिन्यांत पुन्हा तुटतो. त्यांनी तीनही वायरींचा तेवढा तुकडाच बदलला. मऊ वायर घेतली, झाकण पूर्ण उघडलं तरी ताण येणार नाही इतकी सैल. दोन्ही जोड वळणापासून लांब घेतले, एक गाडीच्या अंगात, एक झाकणात. डाग दिला, वरून स्लीव्ह चढवून तापवली. पिवळ्याने मऊ केलेली वायरही मुळापासून काढली. तो भुर्दंड माझा होता, तुझा नव्हे. शेवटी तुझ्या घरात नवा लाल बसवला आणि डिकी वीस वेळा आपटून घेतली.

पितृपक्षात रामकुंडावर गर्दी असते, रोज दुप्पट डबे होते. तू जागचा हलला नाहीस. पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे. तपोवनाकडे रात्री-अपरात्री फेऱ्या होतील, डिकी चाळीसच्या जागी शंभरदा आपटेल. म्हणून फ्यूजच्या झाकणाच्या आत दोन जादा लाल चिकटवून ठेवलेत. त्यांच्याशेजारी काकांकडून मागून घेतलेला तो २१ चा बल्ब, दोन वायरींसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. पिवळा गाडीतून काढून टाकला.

पुन्हा कधी जावंसं वाटलं तर जा. मी आधी वही काढीन, मग तो बल्ब.

तुझी,
डबेवाली ताई
पंचवटी, नाशिक