सुट्टीतलं शिबिर आणि आमचा मुलगा

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. तो फार कमी बोलतो, मोठा आवाज झाला की कान झाकतो, रोजचा क्रम मोडला की बेचैन होतो. शाळा असते तोवर निभतं. मे महिना आला की आम्हा उभयतांना धास्ती. दोघेही कामावर जातो.

यंदा तीन शिबिरांत विचारलं. एका ठिकाणी ‘इतर पालक तक्रार करतील’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी नुसतंच ‘जागा नाही’. तिसरं खास अशा मुलांचंच, पण फी आमच्या पगाराबाहेरची. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नताही आहे. पण मनं कायद्याने उघडत नाहीत.

शेवटी आपल्याच विहारातल्या बालसंस्कार शिबिरात भीत भीत गेलो. शिकवणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, “त्याला काय जमतं, ते सांगा.” मग ठरलं : रोज एक तास, दाराजवळची जागा, वंदनेला लाऊडस्पीकर बंद, दिवसाचा क्रम चित्रं काढून भिंतीवर. पहिले दोन दिवस तो पायरीवरच बसला. पाचव्या दिवशी वंदना संपल्यावर त्याने सगळ्या सतरंज्यांच्या घड्या घालून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

भगवान बुद्धांनी मैत्री शिकवली, ती कीव नव्हे. आपल्या वस्तीत अशी मुलं अजून घरात दडवली जातात. पालकांनो, त्यांना बाहेर आणा. विहाराचं दार आपलंच आहे. जयभीम!