फ्रीमाँटच्या वर्गात मटकीला मोड

कॅलिफोर्नियाहून परत आल्यापासून भेटेल ती विचारते, "गोल्डन गेट पूल पाहिलात का हो?" पाहिला की! अर्धा धुक्यात बुडालेला होता आणि ऐन मे महिन्यात मी स्वेटर घालून कुडकुडत होते. केबल कारच्या दांड्याला लोंबकळून फोटोही काढून घेतला. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला त्या पुलावर नेणार नाही. न्यायचं आहे ते फ्रीमाँट नावाच्या गावी, एका प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात.

माझी नात गेल्या वर्षी साताऱ्याहून आईबापांबरोबर तिकडे गेली. वय सात, शिक्षण मराठी शाळेत पहिली पास. इथे असताना तोंडाचा पट्टा कसा चाले ते शेजारीपाजारी अजून सांगतात. तिथे गेली आणि गप्प झाली. जावयांना पहिली नोकरी दुसऱ्या गावात होती. तिथल्या शाळेत वर्ग गणित करी, गोष्टी वाची, आणि हिला मागच्या टेबलाशी बसवून रंगवायला चित्रं देत. चार महिने पोर ससे आणि फुगे रंगवत होती! त्यात कुणा ओळखीच्या बाईंनी लेकीला सल्ला दिला, "घरात मराठी अगदी बंद करा, म्हणजे इंग्रजी लवकर येईल." लेकीने ऐकलं. परिणाम असा, की मी विमानतळावर उतरले तेव्हा माझी नात मला "हाय आजी" म्हणाली आणि पुढे काय बोलावं ते न सुचून आईच्या मागे लपली. इंग्रजी आलं नव्हतं आणि मराठी बोलायची चोरी. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

तोवर मंडळी फ्रीमाँटला राहायला आली होती. या गावात आपली माणसं खूप, अफगाणी खूप, चिनी आणि मेक्सिकनही आहेत. शाळेत नाव घालताना एक कागद भरून घेतात: घरी कोणती भाषा बोलता? इंग्रजीखेरीज दुसरी लिहिली की तीस दिवसांच्या आत मुलाची परीक्षा होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं पाहतात. तीत नापास कुणी होत नाही बरं का. मदत किती हवी ते ठरतं.

नव्या वर्गाच्या बाईंना भेटायला लेक मलाही घेऊन गेली. बाई पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल? "घरी तुमच्याच भाषेत बोला. भरपूर बोला, गोष्टी सांगा. सावली म्हणजे काय ते जिला तिच्या भाषेत कळलंय, तिला शॅडो हा नुसता एक नवा शब्द शिकायचा असतो." लेक म्हणाली, "पण ती वर्गात बोलतच नाही." तर म्हणतात, "ऐकतेय ना? पुष्कळ मुलं आधी कित्येक महिने नुसती ऐकतात." गप्पा मारण्यापुरतं इंग्रजी दोनेक वर्षांत येतं, पण पुस्तकातलं, परीक्षेतलं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी मनात हिशेब केला. म्हणजे ही पोर चौदा वर्षांची होईतो!

लेकीने आभार मानले, तशी बाई हसून म्हणाल्या, "हे उपकार नाहीत, हा तिचा हक्क आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी आयांनी तो मिळवलाय." एवढं ऐकल्यावर शनिवारी आम्ही बार्टच्या गाडीत बसून, खाडीच्या पाण्याखालून, सॅन फ्रान्सिस्कोला निघालो.

ग्रँट ॲव्हेन्यूच्या तोंडाशी हिरव्या कौलांची चिनी कमान, दोन्ही बाजूंना दगडी सिंह. तिथे सगळे फोटो काढतात. पण तुम्ही गेलात तर वरच्या अंगाच्या स्टॉकटन स्ट्रीटवर जा. थेट आपली मंडई! कारली, दुधी, आल्याचे ढीग, आणि पालेभाजीची जुडी उलटीपालटी करून भाव करणाऱ्या आज्या. इंग्रजीचा शब्द नाही. मला तिथे एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

याच शहरात मेरी टेप नावाची चिनी बाई राहत होती. १८८४ साली तिच्या आठ वर्षांच्या मेमीला जवळच्या शाळेने प्रवेश नाकारला, मुलगी चिनी म्हणून. नवराबायको कोर्टात गेली आणि १८८५ साली जिंकली. तर शहराने काय करावं? घाईघाईने चिन्यांची वेगळी शाळाच काढली! मेरीबाईंनी शिक्षण मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. तिचं इंग्रजी लहानपणी शिकलेलं, व्याकरण जागोजागी अडखळणारं. पण तिला काय म्हणायचंय ते कळायला कुणालाच अडचण पडली नसणार. शेवटी मेमीला त्या वेगळ्या शाळेतच जावं लागलं, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

पुढे शाळेची दारं उघडली, पण आत बसून कळेना. १९७० साली चिनी पालक पुन्हा कोर्टात गेले. त्या वेळी इंग्रजी न येणारी सुमारे अठराशे चिनी मुलं या शहरातल्या शाळांत कसल्याही जादा मदतीशिवाय बसत होती. खालच्या दोन्ही कोर्टांत पालक हरले. २१ जानेवारी १९७४ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: तेच पुस्तक, त्याच बाई, तोच वर्ग दिला म्हणजे समान वागवलं असं होत नाही, मुलाला कळलंच नाही तर त्याला शिक्षण मिळालंच नाही. हा लाऊ खटला. (क्ले स्ट्रीटवर गॉर्डन लाऊ यांच्या नावाची शाळा आहे, ते लाऊ वेगळे. मीही फसले होते.) शिकवायचं कसं, हे मात्र न्यायालयाने सांगितलं नाही. कॅलिफोर्नियात त्यावरून पुढे बरीच ओढाताण झाली. १९९८ साली मतदान घेऊन दोन भाषांतले वर्ग बहुतेक बंद केले, २०१६ साली पुन्हा मतदान घेऊन तो कायदा मागे घेतला.

मग शिकवायचं कसं? ते मी त्या कॅनव्हासच्या बुटांच्या बाईंकडे पाहिलं.

मे महिन्यात विज्ञानाचा धडा होता: झाडाला वाढायला काय काय लागतं. बाईंनी घरोघरी चिठ्ठी पाठवली, तुमच्या स्वयंपाकघरातलं कुठलंही बी पाठवा आणि त्याचं नाव तुमच्या भाषेत लिहा. आता मला राहवतंय होय? इंडियन दुकानातून मटकी आणली. (इथून बी-बियाणं पर्समध्ये घालून नेऊ नका हं, विमानतळावर काढून घेतात.) रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली, आणि मोड आलेली वाटी घेऊन मीच शाळेत हजर. दारात वहीत नाव लिहून छातीवर चिठ्ठी चिकटवली की पाहुणा म्हणून बसू देतात.

चोवीस मुलं. प्रत्येक टेबलावर खरं बी, खरं रोप, मुळासकट. बाई "रूट" म्हणत, मुळाला बोट लावत, फळ्यावर काढत, मुलांकडून म्हणवून घेत. धड्यात अडणार असे शब्द त्यांनी आदल्या दिवशीच निवडून ठेवले होते, सगळे मिळून आठ. फळ्याशेजारी कागदी पट्ट्यांवर अर्धी वाक्यं टांगलेली: "आय थिंक द सीड नीड्स", पुढे रिकामी जागा, मग "बिकॉज", पुन्हा रिकामी जागा. वाक्य बांधायचे कष्ट त्यांचे, विचार मुलाचा.

आणि मला फार आवडलं ते हे: धडा सगळ्यांना एकच होता. अगदी नव्या मुलाला त्या म्हणत, "मूळ दाखव." त्याने बोटाने दाखवलं की झालं. जरा पुढे गेलेल्या मेक्सिकन मुलाला, "पाणी की दूध?" आणि इंग्रजी फाडफाड बोलणारीला, "अंधारात ठेवलं तर? का बरं?" रंगवायला ससा कुणालाच नाही. प्रश्न विचारून त्या थांबत, किती थांबत! मला तर मध्येच उत्तर द्यावंसं वाटे. मग शेजारच्याशी बोलायला दोन मिनिटं, कुठल्याही भाषेत चालेल. नातीच्या जोडीला एक मराठी कळणारी मुलगी दिली होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कोपऱ्यातली अफगाणी मुलगी शेवटपर्यंत बोलली नाही, आणि एका पोराने मटकी नाकात घातली. बाईंच्या कपाळावर घाम दिसत होता.

मग माझी वाटी फिरली. "हे काय?" बाईंनी विचारलं. कुणालाच येईना. नात उभी राहिली. पट्टीकडे बघत, एकेक शब्द पायरी उतरावी तसा, "आय थिंक... द सीड नीड्स... वॉटर... बिकॉज..." आणि अडली. बाई थांबल्या. मी पदर गच्च धरून बसले होते. "बिकॉज नो वॉटर, नो मोड!"

बाईंनी "मोड" म्हणजे काय ते तिलाच दाखवायला लावलं, "स्प्राउट" सांगितलं, आणि भिंतीवरच्या शब्दांत दोन्ही लावले. "मोड" मला लिहायला सांगितलं. माझा हात इतका कापत होता की ड वाकडा आला.

त्या संध्याकाळी पोर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मला एवढं सांगत होती, मराठीत, मध्येच इंग्रजीत, की उसळ खाली लागली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांसाठी उसळीची कृती मागितली. मी सांगितली, लेकीने इंग्रजीत लिहून दिली. तिखट किती घालायचं ते मात्र दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.