मताचा वारसा

पेढी वारशाने मिळते. तिच्याबरोबर नावलौकिक येतो आणि देणीघेणीही येतात. राजकीय मतही पुष्कळदा असेच घरातून येते. फरक इतकाच, की पेढीचा वारस आपल्याला वारसा मिळाल्याचे मान्य करतो. मताचा वारस मात्र ते आपण स्वबुद्धीने कमावले आहे असे समजतो.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १७७६ च्या जाहीरनाम्यापासून स्वातंत्र्य आणि समता ही त्या राष्ट्राची दैवते. दोन्ही पक्ष त्यांचीच शपथ घेतात. पण शब्द एक असला तरी अर्थ एक नसतो. १८६४ साली, गुलामगिरीवरून यादवी पेटलेली असताना, अब्राहम लिंकन यांनी बाल्टिमोर येथे एक दृष्टान्त दिला. मेंढपाळ लांडग्याच्या तावडीतून मेंढी सोडवतो. मेंढी त्याला त्राता म्हणते आणि लांडगा त्यालाच स्वातंत्र्याचा वैरी ठरवतो.

मग माणूस कोणता अर्थ स्वीकारतो? १९६५ साली जेनिंग्ज आणि नीमी या अभ्यासकांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मुलाखती घेतल्या. अनेक सार्वजनिक प्रश्नांवर दोन पिढ्यांची मते बेताचीच जुळली. पक्षाविषयीची ओढ मात्र बरीच जुळली. विचारापेक्षा निष्ठाच अधिक वारशाने आली होती.

जेफ्री कोहेन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून मार्मिक आहेत. सरकारी साहाय्याची एक योजना सढळ, दुसरी कडक. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे कळताच उदारमतवाद्यांनी कडक योजना उचलून धरली आणि परंपरावाद्यांनी सढळ. कारण विचारता प्रत्येकाने योजनेतील कलमांकडे बोट दाखवले. पक्षाचा प्रभाव इतरांवर पडतो, आपल्यावर नाही, अशी त्यांची खात्री होती. छाप पाहून भाव ठरला आणि माल पारखल्याचे समाधानही मिळाले!

ही गोष्ट करमणुकीची राहत नाही, कारण तिची झळ घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. मुलाने अथवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या व्यक्तीशी विवाह केला तर वाईट वाटेल काय, असा प्रश्न १९६० मध्ये विचारला असता, होय म्हणणारे अमेरिकन शेकडा सुमारे पाचच निघाले. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक होय म्हणाले. पूर्वी सोयरीक जुळवताना जे कोणी विचारात घेत नसे, तेच आता आड येऊ लागले.

वारसा टाकून द्यावा असे यातून निघत नाही. वडिलांचे मत योग्यही असू शकते. परंतु जाणता व्यापारी वडिलोपार्जित मालाचीही वर्षातून एकदा मोजदाद करतो. मताच्या मोजदादीला एकच प्रश्न पुरतो : हीच गोष्ट विरुद्ध पक्षाने मांडली असती, तर ती इतकीच पटली असती काय? उत्तर देताना मन अडखळले, तर पारख मालाची झाली नव्हती, छापेची झाली होती, एवढे निश्चित समजावे.