जुन्या गाडीचे पुन्हा पुन्हा गळणारे पाणी

आसनगाव, ता. शहापूर

ती. काकांस,


आपल्या मारुती ८०० मधील कूलंट वारंवार कमी होते आणि एक होज पाइप बदलला की काही दिवसांनी गळती दुसरीकडे उघडते, याचे मूळ त्या पाइपात नसून इंजिन थंड ठेवणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेत आहे. रेडिएटरच्या टोपीतील स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत, अनेक गाड्यांत सुमारे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत, झडप मिटून धरते, आणि त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ते उकळू लागते ते तापमान, १०० वरून ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कसारा घाट चढताना इंजिनाला हाच आधार असतो. जुनी गळती असेपर्यंत हा दाब पुरता साचतच नाही, आणि ती बंद झाली की तो प्रथमच पूर्ण जोराने कडक झालेल्या रबरावर, सैल क्लिपवर आणि वॉटर पंपाच्या सीलवर येतो, म्हणून एकेक भाग बदलत राहण्यात पैसा जातो व आजार तसाच राहतो.

याला पाण्याची जोड मिळते. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते, तेथीलच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे; अशा वेळी गाडीतही मिळेल ते बोअरचे पाणी ओतले जाते. काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा क्षारयुक्त असल्याने तापल्यावर त्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, तर कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होऊन धातू आतून खाल्ला जातो. हळद टाकून भोक बुजवण्याचा जुना उपाय घरी पोहोचण्यापुरता क्षम्य आहे, परंतु तोच गाळ पुढे नळ्या तुंबवतो.

गळतीचे स्थान इंजिन पूर्ण थंड असताना शोधावे. टोपीच्या जागी हातपंप लावून टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहावे, कारण थेंब जेथे जमिनीवर पडतो तेथेच तो निघालेला असतो असे नाही. तो चासीवरून ओघळत हातभर दूर जाऊन टपकतो. क्लिपच्या कडेला वाळलेली हिरवट-पांढरी खपली दिसली, किंवा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी ओघळाचा डाग आढळला, तर साक्ष पुरेशी आहे. ते छिद्र आतील सील झिजल्याची खूण मिळावी म्हणूनच ठेवलेले असते. बाहेर काहीच न दिसता काटा उतरत असेल, तर हीटरखालचा गालिचा चाचपावा आणि तोही कोरडा असल्यास हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधील पातळ पट्टीचा, संशय घ्यावा. थंड इंजिन टोपी काढून सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर तो संशय बळावतो.

त्यानंतर सर्व होज, क्लिपा, थर्मोस्टॅट व टोपी एकाच वेळी बदलणे अखेरीस स्वस्त पडते. टोपी किरकोळ वाटते, पण तिची निर्वात झडप अडकली तर इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चपटा पडतो. नवे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून हळूहळू भरावे, हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन चालवावे आणि अडकलेली हवा निघून पातळी स्थिर होईपर्यंत गाडी घाटाकडे नेऊ नये.



आपला,
पुतण्या