मास्टर टेप कोणाची? स्ट्राटा-ईस्टचे आमचे आवडते अल्बम

चळवळीतल्या माणसांनी जॅझ कशाला ऐकायचे, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पंचतारांकित हॉटेल असते, मंद दिवे असतात आणि कोपऱ्यात कोणीतरी सॅक्सोफोन वाजवत असतो. साहेबी लोकांचे संगीत! पण जॅझ घडवले ते अमेरिकेतील गुलामांच्या मुलानातवंडांनी. ते हॉटेलात कोणी नेले आणि त्यावर पैसा कोणी कमावला, हा वेगळा प्रश्न आहे. या लेखात आम्हाला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही आमच्या आवडत्या काही अल्बमच्या निमित्ताने. हे सगळे अल्बम एकाच लेबलचे आहेत. त्याचे नाव स्ट्राटा-ईस्ट, स्थापना न्यूयॉर्क, 1971.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. कलाकार स्टुडिओत वाजवतो, तेव्हा जी मूळ फीत तयार होते तिला मास्टर टेप म्हणतात. ती ज्याच्या मालकीची, त्याच्या हातात पुढचे सगळे असते. प्रती किती काढायच्या, कधी बंद करायच्या, सिनेमाला कितीला विकायचे, हे सगळे तोच ठरवतो. वाजवणारा काळा आणि टेपचा मालक गोरा, ही अमेरिकन रेकॉर्ड धंद्याची जुनी रीत होती. घाम एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, ही व्यवस्था आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

या रीतीविरुद्ध बंड 1971च्या बरेच आधी सुरू झाले होते. 1921 साली हॅरी पेस यांनी हार्लेममध्ये ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस होते. 1946 साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची चौकशी केली, तेच हे ड्यु बॉइस. ब्लॅक स्वान काही वर्षांतच बुडाली. 1952 साली चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या दोन वादकांनी डेब्यू हे स्वतःचे लेबल काढले. तेही फार काळ टिकले नाही. पुढे 1967 साली याच मॅक्स रोच यांच्या वाद्यवृंदात दोन तरुण एकत्र आले. एक ट्रम्पेटवादक चार्ल्स टॉलिव्हर, दुसरा पियानोवादक स्टॅन्ली काउएल.

1970 साली या दोघांनी आपल्या 'म्युझिक इंक.' या गटाला मोठ्या वाद्यवृंदाची जोड देऊन एक अल्बम रेकॉर्ड केला. मोठ्या कंपन्यांकडे नेला, पण कोणी घेतला नाही. मग त्यांनी तो स्वतःच काढला आणि त्यातून लेबल उभे राहिले. डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांची 'स्ट्राटा' नावाची संस्था आधीच काम करत होती. तिचा पूर्वेकडचा भाऊ म्हणून नाव पडले स्ट्राटा-ईस्ट. लेबलचा नियम सरळ होता. रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराने करायचा, छपाई आणि वितरणाची घडी लेबलने बसवून द्यायची, उत्पन्नातला मोठा वाटा कलाकाराचा आणि मास्टर टेपही कलाकाराचीच.

आता अल्बमांकडे वळू.

पहिला अर्थातच 'म्युझिक इंक.' (1971). नाकारला गेलेला माल म्हणून कोणी तो ऐकायला घेतला तर चकित होईल. टॉलिव्हर यांचा ट्रम्पेट वर चढत जातो, मागून पूर्ण वाद्यवृंद एखाद्या मोर्चासारखा येतो आणि तरीही काउएल यांचा पियानो कुठे दबत नाही. कंपन्यांनी नाकारण्याजोगी उणीव आम्हाला त्यात अजून सापडलेली नाही. नकार दर्जाला होता की वाजवणाऱ्यांच्या अटींना, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा, मटुमे उमोजा एन्सेम्बलचा 'अल्केबु-लान' (1972). हा दोन तबकड्यांचा अल्बम 1971च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनमधील 'द ईस्ट' या ठिकाणी, लोकांसमोर रेकॉर्ड झाला. द ईस्ट म्हणजे नुसते संगीताचे सभागृह नव्हते. कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी चालवलेले ते केंद्र होते आणि त्याला जोडून त्यांची स्वतःची शाळाही होती. म्हणून या अल्बममध्ये घोषणा आहेत, कवितावाचन आहे, ढोल आहेत, किंचाळणारे सॅक्सोफोन आहेत. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ वाटेल. आमचा सल्ला असा की सभा ऐकायला आलो आहोत असे समजून ऐका. वस्तीतला जलसा ज्याने ऐकला आहे, त्याला यातली वक्ता, गायक आणि श्रोते यांची सरमिसळ परकी वाटणार नाही.

तिसरा सर्वांत प्रसिद्ध आहे, गिल स्कॉट-हेरॉन आणि ब्रायन जॅक्सन यांचा 'विंटर इन अमेरिका' (1974). गंमत म्हणजे या नावाचे गाणे या अल्बममध्ये नाहीच. ते पुढच्या अल्बमात आले. छोट्या स्टुडिओत, मोजक्या वाद्यांवर केलेले हे काम आहे. इलेक्ट्रिक पियानो, बासरी, आणि गिल यांचा कोणालाही न घाबरणारा आवाज. यातले 'द बॉटल' हे गाणे दारूने उद्ध्वस्त झालेल्या माणसांबद्दल आहे. ठेका मात्र असा की लोक त्यावर नाचले. दारूवर बोलताना आपले कार्यकर्ते बहुतेक वेळा उपदेश करतात. गिल उपदेश करत नाही. तो माणसे दाखवतो, त्यांच्या बाटलीमागचे कारण दाखवतो आणि शेवटी स्वतःलाही त्या रांगेत उभे करतो. व्यसनमुक्तीवर गाणे लिहू पाहणाऱ्या आपल्या शाहिरांनी हे गाणे जरूर ऐकावे.

चौथा आमचा सर्वांत लाडका आणि सर्वांत कमी ऐकला गेलेला, 'अ स्पिरिट स्पीक्स' (1974). गटाचे नाव आहे 'द डिसेंडंट्स ऑफ माइक अँड फीबी', म्हणजे माइक आणि फीबी यांचे वंशज. माइक आणि फीबी हे या कुटुंबाचे गुलामगिरीत जगलेले पूर्वज. बेसवादक बिल ली आणि त्यांच्या भावाबहिणींनी आपल्या गटाला स्वतःचे नाव दिले नाही. विकत घेतल्या गेलेल्या पूर्वजांचे दिले. याच भावंडांचे आजोबा विल्यम एडवर्ड्स यांनी 1893 साली अलाबामातील स्नो हिल येथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली होती. गुलामाच्या वंशातून शाळा आणि शाळेतून संगीत, असा हा प्रवास. आपल्यातले अनेक जण अजूनही आडनाव सांगताना अडखळतात, किंवा ते बदलून घेतात. आम्ही त्यांना दोष देत नाही, कारण भाड्याचे घर मिळवताना आडनावाची किंमत काय मोजावी लागते हे आम्हाला माहीत आहे. पण पूर्वजांचे नाव रेकॉर्डच्या कव्हरवर छापणाऱ्या या भावंडांपुढे आम्ही मान झुकवतो.

पाचवा, क्लिफर्ड जॉर्डन यांचा 'ग्लास बीड गेम्स' (1974). नाव हर्मान हेसेच्या कादंबरीवरून घेतले आहे. यात शब्द फारसे नाहीत. चार वाद्ये आहेत, ती संथपणे एकमेकांशी बोलतात. मात्र रचनांची नावे वाचा. एक जॉन कोल्ट्रेन यांच्यासाठी, एक कॅल मॅसी यांच्यासाठी, एक पॉल रोबसन यांच्यासाठी. रोबसन हे तेच गायक, ज्यांचा पासपोर्ट अमेरिकन सरकारने 1950 साली काढून घेतला आणि आठ वर्षांनी परत दिला. हा अल्बम निघाला तेव्हा ते हयात होते, पण विस्मरणात ढकलले गेले होते. जॉर्डन यांनी जिवंतपणी त्यांना सलाम केला. माणूस गेल्यावर अभिवादन सभा घेण्यात पटाईत असलेल्या आपल्या चळवळीला यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सहावा आणि सातवा दोन स्त्रियांचे. कवयित्री जेन कोर्टेझ यांच्या 'सेलिब्रेशन्स अँड सॉलिट्यूड्स' (1974) मध्ये फक्त त्यांचा आवाज आहे आणि रिचर्ड डेव्हिस यांचा बेस. कवितेला पार्श्वसंगीत लावणे वेगळे. इथे बेस कवितेशी वाद घालतो. कोर्टेझ यांनी पुस्तकांसाठीही स्वतःचे प्रकाशन काढले होते. ऑर्गनवादक शर्ली स्कॉट यांनी इतर कंपन्यांसाठी अनेक वर्षे रेकॉर्ड केल्यावर स्ट्राटा-ईस्टवर जो अल्बम काढला, त्याचे नाव आहे 'वन फॉर मी', एक माझ्यासाठी. त्या नावावर भाष्य करायची गरज नाही.

यावर दोन आक्षेप येतील, येऊ द्यावेत.

पहिला आक्षेप : स्वतःचे लेबल म्हणजे काळ्यांची भांडवलशाही, त्यात क्रांती कसली? 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, याची आठवणही करून दिली जाईल. आम्ही उलट विचारतो : स्ट्राटा-ईस्टमध्ये दुसऱ्याच्या श्रमावर बसून खाणारा कोण होता? ज्याने वाजवले त्याचीच टेप. हे श्रमिकाने आपल्या श्रमाचे फळ ताब्यात घेणे आहे. बाबासाहेबांनी वृत्तपत्रासाठी स्वतःचा छापखाना उभा केला तो भांडवलदार होण्यासाठी नाही. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला आवाज अवलंबून ठेवता येत नाही, हे 1920 सालीच स्पष्ट झाले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मग स्ट्राटा-ईस्ट टिकले का नाही? पन्नासच्या आसपास रेकॉर्ड काढून सत्तरचे दशक संपता संपता नव्या रेकॉर्ड जवळपास थांबल्या. रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराने करायचा, म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो बाहेरच राहिला. दुकानांपर्यंत माल पोचवण्याची यंत्रणा मोठ्या कंपन्यांइतकी मजबूत नव्हती. गिल स्कॉट-हेरॉन पुढचा अल्बम घेऊन एका मोठ्या कंपनीकडे गेले. हे सगळे खरे आहे. मालकी मिळाली, तरी वितरण आणि सामूहिक निधी नसेल तर ती अपुरी पडते. पण टेप कलाकारांच्या हातात राहिल्यामुळेच पुढच्या काळात त्या पुन्हा निघू शकल्या.

दलित पँथरची स्थापना 1972ची, नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेले. म्हणजे आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला, त्यांच्या कवितेशी नाते सांगितले. त्याच वर्षांत त्यांच्या वादकांनी मालकीचा जो प्रयोग केला, त्याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग विकले जात होते. आमच्या ओळखीतल्या एका वृद्ध गायकाने एकरकमी पैसे घेऊन कागदावर सही केली होती. आज त्यांचे गाणे मोबाईलवर लाखो लोक ऐकतात आणि त्यांच्या औषधाला वर्गणी काढावी लागते. वर्गणी आम्ही काढतो, काढत राहू. पण ज्याच्या गाण्यावर जयंती नाचते त्याच्यावर ही वेळ यावी, हा दानाचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

म्हणून आमचे म्हणणे ठोस आहे. गीतकार आणि संगीतकाराने गाणे कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा त्याचा हक्क लिहून देता येत नाही, अशी तरतूद 2012च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात आली आहे. ती प्रत्येक शाहिराला माहीत करून द्या. सही करण्याआधी कागद चळवळीतल्या वकिलाला दाखवा. मूळ रेकॉर्डिंगची फाईल स्वतःजवळ ठेवा. गाणे अपलोड करताना गीतकाराचे नाव लिहा. आणि मंडळांनो, जयंतीच्या डीजेवर जो पैसा जातो त्यातला थोडा बाजूला काढून वर्षाला एका नव्या गायकाचे रेकॉर्डिंग करा, अट एकच : मास्टर त्याचा किंवा तिचा राहील. स्ट्राटा-ईस्टला जो सामूहिक निधी उभा करता आला नाही, तो गावोगावच्या मंडळांच्या जोरावर आपण उभा करू शकतो.

तोवर रात्री कधीतरी हेडफोन लावून 'ग्लास बीड गेम्स' ऐका. वाजवणाऱ्यांनी त्यात कोणाची परवानगी मागितलेली नाही.

जय भीम!