पुलीमागचा आवाज

पाणी गळायला लागल्यावर गाडीचा वॉटर पंप गेला हे कुणीही सांगेल. अंगातल्या बारीक भोकातून उतरून सुकलेला कूलंटचा ओघळ दिसला की निदान झालं, त्यात कसब नाही. कसब आहे ते त्याआधी ओळखण्यात. सील शाबूत, टाकीतली पातळी जागच्या जागी, काटा मधोमध, आणि तरी आत बेअरिंग कोरडं पडायला लागलेलं. त्या अवस्थेत पंप फक्त वाजतो. तो आवाज पंपाचाच आहे हे ठरवणं, आमच्या धंद्यातलं याहून चिवट काम मला माहीत नाही. सगळी उमेद मी त्याच्याच मागे घातली.

कराडच्या कोल्हापूर नाक्याला माझं गॅरेज. कोणी कुंभार्ली चढून आलेला असतो, कोणी खंबाटकीत काटा वर गेला होता म्हणून सांगतो. बॉनेट उघडलं की एकाच बेल्टवर पंप, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, टेन्शनर, आयडलर. हातभर जागेत इतकी बेअरिंगं, आणि लोखंडातून आवाज कुठूनही कुठं जातो. लांब डिसमिसचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली, तरी ब्रॅकेटमधून आलेला अल्टरनेटर तिथं ऐकू येतोच. बेल्ट काढला की आवाज बंद होतो, पण पाचातला कोण हे कळत नाही. पुली हातानं फिरवावी तर गुळगुळीत. हलवून बघावी तर प्ले नाही. बेल्टचा ताण पडल्याशिवाय छर्रे झिजलेल्या जागेवर दाबलेच जात नाहीत, त्यामुळे हातात निर्दोष असलेला पंप ताणाखाली गुन्हेगार असतो.

बेल्टवर पाणी शिंपडून बेल्टचा चिरका आवाज वेगळा काढणं सगळ्यांना येतं. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की अल्टरनेटरचा सूर बहुतेकदा बदलतो, तेही येतं. पुढचा निवाडा कानावर. पंपाची घरघर फार उशिरा येते, आणि तोवर शाफ्ट हलून सील गेलेलं असतं. आधी येते ती शाळूच्या वाळलेल्या पाल्यातून वारा गेल्यासारखी बारीक सळसळ, इंजिनच्या सगळ्या आवाजांच्या वर. ती मला ऐकू यायची.

यायची. मागच्या उन्हाळ्यात एक डिझेल गाडी उभी होती आणि माझ्या हाताखालचं जतकडचं पोरगं म्हणालं, ‘‘काका, पंप वाजतोय.’’ मी डिसमिस लावला. काहीच नाही. मालकाला विचारून पंप उतरवला. अंगठ्यानं दाब देऊन शाफ्ट फिरवला तेव्हा बोटांना खडखड लागली, मागून गंजाच्या रंगाचं ग्रीस आलं. कानाच्या डॉक्टरांनी मग सांगितलं की माझ्या दोन्ही कानांचे वरचे सूर गेलेत. वय आहे, आणि इतकी वर्षं कानाशी चाललेली एअर गन.

इस्लामपूर-सांगलीकडचे लोक केवळ माझ्या कानासाठी गाडी आणत. स्कॅनर बाळगणारे मेकॅनिक गाडी घेऊन यायचे आणि मी डोळे मिटून ऐकत असताना गप्प उभे राहायचे. ते मला फार आवडायचं. इतकं की डॉक्टरांकडून आल्यावरही गिऱ्हाइकासमोर मी डिसमिस कानाला लावून डोळे मिटतच राहिलो आणि पापणीआडून पोराचा चेहरा वाचत राहिलो.

स्कॅनरवर माझा राग नाही, पाण्याचं तापमान तो अंशापर्यंत सांगतो. पण बेअरिंगात सेन्सर नसतो. राग आहे तो ‘‘सगळंच बदलून टाका’’ म्हणणाऱ्यांवर. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप बेल्टबरोबर बदलावा, मीही बदलतो, कारण उघडण्याची मजुरी तीच. बाहेरच्या बेल्टवरच्या गाडीत मात्र चार चांगले पार्ट काढून टाकणं म्हणजे निदान न करता त्याचे पैसे घेणं. आणि अंगातलं ते भोक सील लावून बुजवणारे तर मला मेकॅनिकच वाटत नाहीत. वाट बंद झालेलं पाणी बेअरिंगात शिरतं, ग्रीस धुऊन काढतं, आणि गाडी घाटात अडकते.

पलूस-तासगावच्या बागायतदाराला यातलं फार समजवावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी त्याच्या शिवारालगत. मधून पाणी घेऊन कडेनं फेकणारा पंखा त्याच्या विहिरीवरही आहे. नवा पंप बसवल्यावर हवा काढेपर्यंत गाडी सोडणार नाही म्हटलं की तो निमूट बाकावर बसतो. पंपानं हवा धरली की काय होतं हे त्यानं शेतात भोगलेलं असतं. हाच माणूस रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततो, तेव्हा मात्र मी भांडतो. आटपाडी-जतकडच्या गाड्यांत क्षारांचा पांढरा थर मी नखानं खरवडून दाखवतो.

आता आवाज पोरगा ऐकतो आणि गिऱ्हाइकालाही तोच सांगतो. गास्केटची जागा घासणं, बोल्ट आवळणं माझ्याकडे आहे. माझ्या वयाच्या मिस्त्रींना सांगणं आहे: कान तपासून घ्या, आणि एअर गन चालवणाऱ्या पोरांच्या कानात बोळे घालायला लावा. असे गेलेले सूर परत येत नाहीत.