हेड लो, हेड अप

उल्हासनगरचं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय असो की बदलापूर स्टेशनजवळचं दहा खाटांचं नर्सिंग होम, ऑपरेशन थिएटरमधलं टेबल स्वभावानं सारखंच. काळी रेक्झिनची गादी, खाली हायड्रॉलिकचं पेडल. भूलतज्ज्ञ सकाळी अंबरनाथला, दुपारी बदलापूरला. टेबल मात्र जागच्या जागी. अगदी आज्ञाधारक. ‘हेड लो’ म्हटलं की डोकं खाली, ‘हेड अप’ म्हटलं की वर. सर्जनला नीट दिसावं एवढीच त्याला काळजी. मेंदूचं काय, हे ते विचारत नाही.

मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के. हृदयातून निघालेल्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा मात्र त्याचा. जागेपणी आपण उठून बसलो तरी शरीर रक्तदाब सावरून घेतं. भुलीत ही सावरासावर ढिली पडते आणि टेबलाचा कल भारी ठरतो. खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात रुग्णाला आरामखुर्चीत रेलावं तसं बसवतात. दंडाचा पट्टा सरासरी दाब 65 दाखवतो, सगळे निर्धास्त. पण मेंदू त्या पट्ट्याच्या वीसेक सेंटिमीटर वर. दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटर घट धरली तर तिथं पोचतात जेमतेम 50. म्हणून जाणता भूलतज्ज्ञ दाब कानाच्या पातळीला मोजून धरतो.

मग डोकं खाली केलं की मेंदूची चंगळ? तसंही नाही. गर्भाशयाच्या लॅप्रोस्कोपीत टेबल बराच वेळ हेड लो राहतं. या कलाला जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्गचं नाव आहे. रक्त डोक्याकडे जातं, पण परतताना तुंबतं. कवटीतला दाब वाढतो, चेहरा सुजतो. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात उतरून मेंदूच्या वाहिन्या आणखी फुगवतो. त्यातच मान एका बाजूला वळलेली राहिली, तर गळ्यातली शीर दबून परतीची वाट अरुंद होते. मान सरळ ठेवायला पैसे पडत नाहीत, तरी घाईत तीच विसरली जाते.

या टेबलाला तोंडावर बोलू शकतो असा रुग्ण म्हणजे सिझेरियनची बाई. कमरेत इंजेक्शन घेऊन ती जागी असते. उताणी झोपवली की भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतं, हृदयाकडे रक्त कमी परततं, दाब घसरतो. “सिस्टर, मळमळतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” तेव्हा टेबल 15 अंश डावीकडे. जुन्या टेबलाचा बाजूचा दांडा फिरेनासा झाला असेल, तर उजव्या कुशीखाली चादरीची गुंडाळी.